घरातला प्रशासक

४ मार्च, सोमवार

जावयाने आज माझा कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटून फोडला. एका फटक्यात भागलं नाही म्हणून पुन्हा आपटला, मग खाली टाकून टाचेने चिरडला. पांढरी बटणं खोलीभर उडाली. एक माझ्या चहात पडलं. मी म्हटलं, "जावईबापू, तो माझा होता."

बाह्या सारख्या करत म्हणाला, "सॉरी आई. यंत्रं अशी वागली की माझा तोल जातो. उद्या नवा आणतो." आणि हसला. हसला की त्याच्या एका गालाला खळी पडते. त्या खळीवर माझी लेक भाळली, आणि खरं सांगायचं तर मीही.

झालं होतं एवढंच, की ठमीने, म्हणजे माझ्या लेकीने, कॉम्प्युटरवरच्या तिच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि त्याला सांगितला नाही. आता नवऱ्यापासून लपवण्यासारखं हिच्या खात्यात असणार काय? भरतकामाचे नमुने. मी तिला तसं म्हटलंही. ती खाली बसून बटणं वेचत होती. मनगटावर हिरवा-निळा पट्टा दिसला. "ड्रॉवरमध्ये सापडला हात," म्हणाली. लहानपणापासून अशीच धांदरट. उभ्या सायकलवरून पडायची.

त्यांच्या इमारतीची दुरुस्ती निघाली म्हणून दोघं माझ्याकडे राहायला आली. दुरुस्ती केव्हाच संपली, दोघं अजून इथेच आहेत. जावई विम्याच्या कामातला, ठोकर बसलेल्या गाड्या तपासून नुकसान किती ते ठरवतो. आल्याआल्या त्याने माझा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. "आई, तुम्ही कशाला डोकं शिणवता? मला प्रशासक करा, मी बघतो सगळं." मी कौतुकाने पासवर्ड देऊन टाकला.

खरा राग मला वेगळाच आहे. गल्लीतले दिवे कधीपासून बंद आहेत. तक्रारीचं पत्र लिहिलं, चांगलं सणसणीत लिहिलं, आणि छापायला गेले तर पडद्यावर पाटी: परवानगी नाकारली. प्रशासकाशी संपर्क साधा. माझं घर, माझं टेबल, माझी वीज, आणि मलाच परवानगी नाही! प्रशासक त्या वेळी माझ्याच आरामखुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होते.

७ मार्च, गुरुवार

भोंग्याला फोन केला. भोंगा आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला तंत्रज्ञ. मी तिथूनच सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. आवाज असा, की याला फोनची गरजच काय, असं ऑपरेटर मुली म्हणायच्या. कानाने अधू झाल्यापासून आणखीच ओरडतो. माझी जुनी प्रणाली दमली तेव्हा त्यानेच कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं होतं.

"सुपरवायझरबाई! टर्मिनल उघडा! काळी खिडकी!"

"हळू बोला. मी बहिरी नाही, तुम्ही आहात."

"ग्रुप्स असं टाइप करा! काय दिसतं? सुडो दिसतं?"

सुडो कुठेच नव्हतं. माझं नाव होतं, बाकी काही नाही.

"बाई, तुम्हाला सुडोतून हाकललंय! तुमच्याच घरात तुम्ही पेइंग गेस्ट!"

मग त्याने जे सांगितलं ते मी कॉन्व्हेंटच्या हिशेबाने लगेच ओळखलं. आमच्या वसतिगृहात प्रत्येक मुलीच्या कपाटाला कुलूप असे, पण मदर सुपीरियरच्या कमरेला सगळ्या किल्ल्या. ती तुमचं कपाट उघडून तुमची पत्रं वाचणार, तुम्ही तिची वाचू शकत नाही. सुडो गटात जो असतो तो मदर सुपीरियर. आधी मी होते. आता तो आहे, आणि मी ‘सामान्य वापरकर्ता’. सामान्य! सिस्टरने पट्टी मारमारून माझा डावा हात बंद पाडला आणि उजव्याने लिहायला लावलं, त्या दिवसापासून मला कोणी सामान्य म्हटलेलं खपत नाही.

फोन नेहमीसारखा लांबला, कारण आधी ठेवायला दोघंही तयार नव्हतो. एक्स्चेंजचा नियमच तसा होता. अडचणीतल्या माणसाची लाइन आपण तोडायची नाही, तो तोडेपर्यंत कानाशी धरून बसायचं. आज अडचणीत कोण, यावर आम्ही भांडलो.

संध्याकाळी चहाच्या वेळी जावयाला जाब विचारला. "आई, व्हायरस येतात. तुमच्या भल्यासाठीच आहे," तो म्हणाला. ठमी मध्येच बोलली, "तिचं यंत्र आहे, तिला द्या ना परत." तर त्याच्या हातातला भरलेला कप निसटला आणि तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. निसटलेला कप पायाशी पडतो, भिंतीवर जात नाही, हे मी त्याला सुनावलं. लग्नातल्या सेटमधला शेवटचा होता तो! जावयाने स्वतः खाली बसून काचा गोळा केल्या, माझी तीनतीनदा माफी मागितली. ठमीच्या मानेवर लाल चट्टा उठला होता. तिच्या हातात बर्फ देत मी म्हटलं, "तू मध्ये बोलतेसच कशाला?"

"चुकलं," म्हणाली. हल्ली फार लवकर चूक कबूल करते.

९ मार्च, शनिवार

माझ्या घरात चौथं माणूस राहतं आहे.

काळ्या खिडकीची मला आता गोडी लागली आहे. भोंग्याने सांगितलं होतं, की होम नावाच्या कप्प्यात प्रत्येक खातेदाराचा एक फोल्डर असतो. आज बघितलं. घरात माणसं तीन, फोल्डर चार. माझा, ठमीचा, जावयाचा, आणि ‘कोठार’ नावाचा. उघडायला गेले तर परवानगी नाकारली. मालक कोण, तर कोठार. वाचायची मुभा कोणाला, तर एकट्या कोठारला. आणि यंत्र सुरू होताना नावांची जी यादी येते, तिच्यात हे नाव नाही! म्हणजे मुद्दाम लपवलेलं. चोर तो चोर, वर माझ्याच कपाटाला त्याचं कुलूप.

भोंग्याला सांगितलं.

"ऐकताय ना?"

"बाई, त्याला हात लावू नका," तो म्हणाला.

"का?"

"सिस्टिमचं असतं काहीतरी. आणि घरात बोलू नका."

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

तरी तो हळूच बोलला. "कोणाला म्हणजे कोणालाच बोलू नका. एकदा तरी ऐका माझं."

इतक्या वर्षांत या माणसाला मी खालच्या आवाजात बोलताना ऐकलेलं नाही. घसा बसला असावा. पण माझ्या घरात मी काय बोलायचं हे आता हा ठरवणार का? जावयाने परवानगी काढून घेतली ती घेतलीच, आता यानेही तोंडाला कुलूप लावायचं. शोध मी लावला आहे. सांगायचा तेव्हा सांगेन, आणि चांगला चारचौघांत सांगेन.

१० मार्च, रविवार

दुपारी जेवताना सांगितलं.

"जावईबापू, तुमच्या राज्यात घुसखोर शिरलाय. कोठार नावाचं खातं, लपवलेलं. तुम्हाला दिसलं नाही, मी शोधून काढलं."

ठमीच्या हातातला डाव भांड्यात पडला. रस्सा तिच्या हातावर उडाला, तो तिने पुसलाही नाही.

"आई, तुमची नजर भारी आहे हां," जावई म्हणाला. खळी पडली. तो उठला, हात धुतले, एकेक बोट पुसलं आणि यंत्रापाशी जाऊन बसला. मी मागे उभी राहिले, शोध माझा होता म्हणून. त्याने सेटिंग्जमधलं वापरकर्त्यांचं पान उघडलं, आपला पासवर्ड घातला, कोठारला नवा पासवर्ड दिला आणि सरळ आत शिरला. मदर सुपीरियरच्या किल्लीला कुठलंच कपाट अडवत नाही. पडद्यावर पत्रं होती. दोन-तीन ओळी वाचल्या आणि तो थांबला.

"आई, तुम्ही जरा पडा. दमला असाल." मग आवाज न चढवता, "ये गं इकडे."

ठमी गेली. दार लागलं. रेडिओ मोठा झाला.

आतून आदळआपट ऐकू आली. गेला माझा दुसरा कीबोर्ड, मला वाटलं. मी दारावर थापा मारून ओरडले, "अहो, तो नवा आहे!" एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे क्षणभर शांत झालं. तेव्हा एक आवाज आला, ओली चादर दगडावर आपटावी तसा. मग परत गाणं.

दार उघडलं. ठमी तोंडावर टॉवेल दाबून बाहेर आली आणि न थांबता न्हाणीघरात गेली. "फळीला धडकली," जावई म्हणाला. "वरवरचं आहे. आतलं काही हललेलं नाही." गाड्यांबद्दल बोलतो तसाच.

मी आत गेले. कीबोर्ड अख्खा होता, जागच्या जागी. टेबलाखाली एक पांढरं बटण दिसलं. सोमवारी झाडताना सुटलं असेल म्हणून वाकून उचललं.

बटण नव्हतं. त्याला मूळ होतं.

११ मार्च, सोमवार

दात धुऊन चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. समोरचा आहे.

सकाळपासून घरातल्या वस्तूंकडे बघते आहे. ज्या ड्रॉवरमध्ये तिचा हात सापडला, त्यात मनगट जातच नाही. मी घालून पाहिलं. फळी माझ्या कपाळाइतकी उंच, आणि ठमी माझ्या खांद्याला लागते.

१२ मार्च, मंगळवार

काल त्याने त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठोकला आणि कुलूप घातलं. माझ्या दाराला, माझ्याच हातोडीने. ठमी आत.

"तिचं डोकं ठिकाणावर नाही आई. परगावी नोकरी बघितली होती, राहायला खोली बघितली होती. एका बाईच्या मदतीने मला टाकून निघाली होती. मी तिच्याच नावाने त्या बाईला कळवलंय, विचार बदलला म्हणून."

माझा मोबाइल त्याने ‘सांभाळायला’ घेतला. घरच्या फोनची तार खिडकीबाहेर कापली.

मी "बरं" म्हटलं. जन्मात मी कोणाला नुसतं "बरं" म्हणून सोडलेलं मला आठवत नाही. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, यावरून त्याची अक्कल कळते.

आज तो कामाला गेल्यावर पोलीस ठाण्यात गेले. हवालदारासमोर दात ठेवला.

"तक्रार कोणाची?"

"माझ्या मुलीची."

"मग मुलीला आणा."

"ती कुलपात आहे."

"मावशी, नवरा-बायकोचं असतं असं. जावई कोण म्हणालात? अरे, ते होय! आमच्या जीपचं काम त्यांनीच केलं. थांबा, फोन लावून समज देतो त्यांना."

समज! तो फोन लागला असता तर संध्याकाळी दुसरा दात मिळाला असता. मी म्हटलं, "राहू द्या, माझीच काहीतरी गफलत झाली," आणि दात उचलून निघाले.

तिथून भोंग्याकडे. त्याने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि दुसऱ्यांदा हळू बोलला.

"ते खातं मीच केलं होतं बाई. ठमीने मागितलं. त्याच्या नजरेला पडू नये म्हणून यादीतून लपवलं. तुम्हाला सांगू नका म्हणाली होती."

"मला का नाही?"

मी परत विचारलं.

"म्हणाली, आई बोलून टाकेल."

परत येताना एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. किती वेळ ते ठाऊक नाही. एका बाईने विचारलं, "आजी, चक्कर आली का?" मी तिच्यावर खेकसले.

१४ मार्च, गुरुवार

जे जे झालं ते क्रमाने लिहिते. वेळ थोडा आहे.

तो कामाला गेला. मी भाजीची सुरी घेऊन खिडकीबाहेर वाकले आणि कापलेली तार सोलून जोडली. आयुष्य तारांमध्ये गेलं, बोटं विसरली नव्हती. रिसीव्हर उचलला, टोन आला. लोकांना अशा वेळी रडू येतं म्हणे. मला शिवी आली.

"भोंगा, सांगा."

"बंद करून परत चालू करा! चालू होताना शिफ्ट दाबून धरा! रिकव्हरी दिसलं?"

दिसलं. त्यातून काळ्या पडद्यावर आले, आणि शेवटी ‘रूट’ असं नाव.

"आता तुम्ही मदर सुपीरियरच्याही वर! तुम्हाला पासवर्ड विचारणारा कोणी नाही!"

पहिल्यांदा पासवर्ड बदलायला गेले तर यंत्राने झिडकारलं. तिथे सगळं नुसतं वाचायला उघडलेलं असतं. लिहायचं असेल तर डिस्क परत जोडून घ्यावी लागते, हे हा शहाणा सांगायला विसरला होता. दोघांनी एकमेकांची अक्कल काढली. मग जोडली. माझा पासवर्ड बदलला, मला सुडोत घातलं, कोठारला नवा पासवर्ड दिला. आणि त्या माणसाला सुडोतून काढून त्याच्याही खात्याचा पासवर्ड बदलून टाकला.

"त्याला हात लावू नका बाई! आल्या आल्या कळेल त्याला!"

"कळू दे. बूटसुद्धा न काढता तो आधी यंत्रापाशी बसतो, ठमीने दिवसभर काय केलं ते बघायला. आज बसू दे तिथेच."

"मारेल तुम्हाला!"

"मग तुम्ही ऐका."

हातोडी घेऊन दारापाशी गेले. कुलूप चांगलं होतं, लाकूड माझ्याइतकंच जुनं. कोयंड्याच्या बाजूने घाव घातले, ढलप्या तोंडावर उडाल्या, एक भुवईत घुसली. प्रत्येक घावाला मला बरं वाटत होतं. कोयंडा स्क्रूंसकट उपटून आला.

ठमी पलंगाच्या कोपऱ्यात, डोक्यावर हात घेऊन. हातोडी माझ्या हातात बघूनही तिने हात खाली घेतले नाहीत. मी हातोडी जमिनीवर ठेवली तेव्हा घेतले. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फुटून दुमडलेला. माझ्या पोटच्या पोरीचा चेहरा मला एका बाजूनेच ओळखू आला.

"त्याने तुझ्या नावाने नकार कळवलाय," मी म्हटलं. "चल, नीट लिही. बोटं चालतात ना?"

बोटं चालत होती. ती बसली, कोठारमध्ये शिरली. त्याने लिहिलेलं वाचलं. किती गोड लिहिलं होतं! तिने त्या बाईला लिहिलं, की ते पत्र माझं नव्हतं, जुना पत्ता त्याला कळला आहे, दुसरा आहे का. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. मी तिच्या केसांतलं वाळलेलं रक्त फणीने सोडवत होते, ती "आई, दुखतं" म्हणाली. हे दोन शब्द तिने आजवर का म्हटले नव्हते ते मी विचारलं नाही.

उत्तर आलं. दुसरं गाव, दुसरी जागा. बाई स्वतः उतरवून घ्यायला येणार. ठमी मोठ्याने वाचायला लागली.

"मला सांगू नकोस."

"का?"

"मी बोलून टाकेन."

तिने माझ्याकडे त्या एका डोळ्याने बघितलं. मग तिने ई-मेलचा पासवर्डही बदलला, मला न दाखवता.

"तू पण चल."

"घर रिकामं दिसलं तर तो सरळ स्टेशनवर येईल. तू नीघ. आणि धडकू नकोस कशाला."

तिला हसायला आलं, ओठ परत फाटला. पिशवीत मी तिचे कपडे, माझी शाल आणि चष्म्याची डबी घातली. दात तिचा आहे, तिच्याकडे असावा. दवाखान्यात दाखवायला लागेल.

ती गेल्यावर मी आणखी एक काम केलं. ते इथे लिहीत नाही. मी मेले तर ही वही त्याच्याच हाती पडायची.

रिसीव्हर जागेवर ठेवलेला नाही. पुस्तकांच्या मागे उपडा ठेवला आहे. पलीकडे भोंगा आहे. फाटक वाजलं.

२१ मार्च, गुरुवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघून नर्सला वाटतं नातवंडाने लिहिलं. सिस्टरने पट्टीने जे दडपलं ते अजून जिवंत आहे म्हणायचं.

तो बूट घालूनच आत आला. तुटका कोयंडा पाहिला, रिकामी खोली पाहिली, आणि अपेक्षेप्रमाणे यंत्राकडे धावला. आपलं नाव, आपला पासवर्ड. चुकलं. परत. चुकलं. मी आरामखुर्चीत बसून होते. किती दिवसांनी ती खुर्ची मोकळी मिळाली होती.

"आई, काय केलंत?"

"प्रशासकाशी संपर्क साधा," मी म्हटलं.

त्याने मला केसांना धरून टेबलापर्यंत ओढत नेलं. खुर्ची उलटली, माझा चष्मा त्याच्या बुटाखाली गेला. डोकं टेबलाच्या कडेवर, कीबोर्ड जिथे फुटला त्याच कडेवर, एकदा आपटलं आणि मग मला अगदी अलगद उभं केलं. तो शहाणा माणूस आहे. नुकसान किती झालं की काम चालू राहतं हे त्याला बरोबर ठाऊक.

"आई, कोठारचा पासवर्ड सांगा. तिने नवं कुठलं गाव ठरवलंय ते त्यात असणार. बाकी मला तुमच्याकडून काही नको."

"आठवत नाही."

त्याने माझा उजवा हात टेबलावर ठेवला, करंगळी पकडली आणि मागे मोडली. हिरवी फांदी मोडते तसा आवाज झाला, कोरड्या फांदीसारखा नाही. मी ओरडले, आणि मोठ्याने ओरडले, भोंग्याला ऐकू जायला हवं म्हणून. मग एक पासवर्ड सांगितला.

कोठार यादीत नसल्यामुळे नावही हाताने टाकावं लागत होतं. त्याने डाव्या हाताने माझं मनगट दाबून धरलं आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं. चुकलं.

"आई."

दुसरं बोट. दुसरा पासवर्ड. चुकलं. शेवटपर्यंत तो मला आईच म्हणत होता, आवाज न चढवता. मध्ये एकदा पाणीही पाजलं. मी त्याला कपबशीच्या कंपनीचं नाव सांगितलं, गल्लीतल्या दिव्याच्या खांबाचा नंबर सांगितला, मदर सुपीरियरचं नाव सांगितलं. तेही दोनदा, कारण पहिल्यांदा स्पेलिंग चुकलं असं मी म्हटलं. रडत म्हटलं. रडणं खरं होतं.

मधल्या बोटानंतर मला वाटतं मी थोडा वेळ तिथे नव्हते. शुद्धीवर आले ती ओरडण्याने. पुस्तकांच्या मागून भोंगा ओरडत होता, "धरून ठेवा बाई! निघालेत! मोबाइलवरून पोलिसांना कळवलंय! धरून ठेवा!" मेलेल्या फोनमधून आवाज आला म्हणून तो माणूस दचकून वळला. माझा हात सुटला. हातोडी टेबलाखाली होती. मी तिथेच ठेवली होती, दुपारी.

डाव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर घातली. तो बसला. मग परत घातली. दुसऱ्या घावाची गरज नव्हती असं हवालदाराचं मत आहे. गुडघ्याचा चुरा झालाय, दुरुस्त होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या धंद्यात त्याला टोटल लॉस म्हणतात.

दार शेजाऱ्यांनी फोडलं. मागून हवालदार, तोच परवाचा. खाली बघितलं, माझा हात बघितला, आणि सवयीने विचारलं, "तक्रार कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "आता लिहा."

पुस्तकांमागे भोंगा अजून ओरडत होता. त्याने लाइन तोडली नव्हती. मला ॲम्ब्युलन्समध्ये घालताना एका शेजारणीने रिसीव्हर उचलून त्याला सांगितलं तेव्हा कुठे ठेवला म्हणे.

आज तो भेटायला आला होता. कॉटशेजारी बसून इतक्या मोठ्याने बोलला की नर्सने दोनदा दटावलं. ठमीचा निरोप होता त्याच्याकडे. पोचली, दात बसवून घेते आहे, कुठे ते सांगितलेलं नाही. मग त्याने डॉक्टरांनी माझ्या बोटांत घातलेल्या सळया मोजल्यासारख्या बघितल्या आणि आवाज खाली आणला.

"बाई, मी सगळं ऐकत होतो. खरा पासवर्ड एकदाही आला नाही तुमच्या तोंडून. कसं जमलं?"

मी त्याला सांगितलं, त्यात जमण्यासारखं काही नव्हतं. नाव चुकलं की पासवर्ड, हे यंत्र सांगत नाही, नुसतं चुकलं म्हणतं. हे तुम्हीच एकदा ओरडून शिकवलं होतं. कोठार नावाचं खातं मी दुपारीच पुसून टाकलं होतं, फोल्डरसकट. खरा पासवर्ड असा नव्हताच.

हे त्या माणसाला मी करंगळीलाच सांगू शकले असते. पण ठमीची गाडी सुटायची होती.